व्याचेस्लाव फेतिसोव : एका रशियन बचावपटूची कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा फेतिसोव कोण?

व्याचेस्लाव अलेक्सांद्रोविच फेतिसोव. जन्म 20 एप्रिल 1958, मॉस्को. मित्र आणि चाहते त्याला ‘स्लावा’ म्हणतात. आइस हॉकीतला बचावपटू. दोन ऑलिंपिक सुवर्णं, सात जागतिक विजेतेपदं आणि उत्तर अमेरिकेतली स्टॅनली कप ही मानाची ट्रॉफी दोनदा, एवढं सगळं एकाच माणसाच्या नावावर आहे. 2008 साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने शंभर वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा 56 तज्ज्ञांपैकी 54 जणांनी फेतिसोवचं नाव लिहिलं. त्या यादीत कॅनडाचा आक्रमक वेन ग्रेट्स्कीही होता आणि सोव्हिएत गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याकही होता, पण सर्वाधिक मतं या बचावपटूला मिळाली.

पण मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं ते पदकांमुळे नाही. रशियन खेळाडूला आपल्या कौशल्याचा मोबदला आणि आपला पासपोर्ट स्वतःच्या हातात मिळावा, हे भांडण त्याने पळून न जाता, मॉस्कोत बसून, लष्कराच्या नोकरीत असताना केलं. तिशी उलटेपर्यंत तो ते भांडत राहिला आणि त्यानंतर परक्या देशात, परक्या पद्धतीच्या खेळात पहिल्यापासून सुरुवात केली.

आम्हाला फक्त मैदानी हॉकी माहीत आहे. आइस हॉकीत बचावपटूचं काम नेमकं काय?

बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आक्रमक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. वजन साधारण 170 ग्रॅम. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू इतके वेगात पळतात की एका दमात पाऊण ते एक मिनिट खेळून बाकावर येतात आणि दुसरी तुकडी उतरते, तीही खेळ न थांबवता. अंगाला अंग भिडवून समोरच्याला कठड्यावर आदळणं नियमात बसतं.

बचावपटूने गोलपुढची जागा राखायची, समोरच्याला आत घुसू द्यायचं नाही आणि पक मिळाला की तो बाहेर काढायचा. बहुतेकांचं काम इथे संपतं. फेतिसोवचं इथून सुरू व्हायचं. पक बाहेर कसा काढायचा, यावर पुढचा हल्ला ठरतो असं तो मानायचा. आंधळेपणाने पुढे फेकण्यापेक्षा तो मान वर करून बघायचा, वाट नसेल तर मागे वळायचा, पुन्हा बांधणी करायचा आणि मग स्वतःच हल्ल्यात सामील व्हायचा. सोव्हिएत लीगमध्ये बचावपटू असूनही त्याच्या नावावर दीडशेहून अधिक गोल आहेत. पाश्चात्त्य पत्रकारांनी त्याला ‘रशियाचा बॉबी ऑर’ म्हटलं. कॅनडाच्या बॉबी ऑरने बचावपटूच्या आक्रमणाला नवा अर्थ दिला होता, म्हणून ही तुलना. मला ती अर्धीच पटते. ऑर पक घेऊन एकटा सुसाट सुटायचा. फेतिसोव पाचही जणांना सोबत घेऊन जायचा.

सुरुवात कुठे झाली?

मॉस्कोच्या एका साध्या वस्तीत, त्सेस्का क्लबच्या हॉकी शाळेत. त्सेस्का म्हणजे लष्कराचा मध्यवर्ती क्रीडा क्लब. पश्चिमेत त्याला ‘रेड आर्मी’ म्हणत. या क्लबची घडण अनातोली तारासोव या प्रशिक्षकाची. पक खेळाडूपेक्षा वेगाने पळतो, मग माणसाने पकमागे धावण्यापेक्षा पकला धावायला लावावं, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्यांच्या सरावात कसरती असत, नृत्यासारख्या हालचाली असत, बुद्धिबळासारखा विचार असे. फेतिसोव या मुशीतून घडला.

विशीच्या आत तो पहिल्या संघात आला. 1978 च्या कुमार जागतिक स्पर्धेत तो सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्याच वर्षी वरिष्ठांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून तिथेही सर्वोत्तम बचावपटू ठरला. वय वीस. त्याच उन्हाळ्यात कॅनडाच्या माँट्रिअल कॅनेडियन्स संघाने त्याला खेळाडू निवडीत आपल्या यादीत घेतलं (या निवडीत उत्तर अमेरिकेतले संघ पाळीपाळीने, फेरीगणिक, नव्या खेळाडूंवर हक्क सांगतात). पण सोव्हिएत संघाचा खेळाडू तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ती निवड कागदावरच राहिली. 1983 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने पुन्हा त्याचं नाव निवडलं. तो बर्फावर उतरायला आणखी सहा वर्षं गेली.

1980 च्या त्या प्रसिद्ध पराभवात तो होता का?

होता. 22 फेब्रुवारी 1980, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक. अमेरिकेच्या महाविद्यालयीन मुलांच्या संघाने सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं. अमेरिकेत तो सामना आजही चमत्कार म्हणून सांगितला जातो. फेतिसोव तेव्हा 21 वर्षांचा होता, रौप्यपदक घेऊन परतला. पुढच्याच वर्षी कॅनडा कप या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, माँट्रिअलमध्ये, सोव्हिएत संघाने कॅनडाला 8-1 असं धुतलं. लेक प्लॅसिडची गोष्ट सांगताना हा निकाल सहसा सांगितला जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

‘ग्रीन युनिट’ म्हणजे काय?

त्सेस्का आणि राष्ट्रीय संघात एकत्र खेळणारी पाच जणांची तुकडी. सरावात ती हिरव्या जर्सी घालायची, म्हणून हे नाव. पुढे व्लादिमिर क्रुतोव, इगोर लारियोनोव, सर्गेई माकारोव. मागे फेतिसोव आणि अलेक्सेई कासातोनोव. ऐंशीचं दशक या पाच जणांचं होतं. 1984 ला सारायेव्होत ऑलिंपिक सुवर्ण, 1988 ला कॅल्गरीत पुन्हा सुवर्ण. कॅल्गरीत फेतिसोव कर्णधार होता आणि बचावपटू असून 8 सामन्यांत 13 गुण मिळवले. आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक गुण, असा हा हिशोब असतो. देशांतर्गत लीगमध्ये त्सेस्काने 1977 ते 1989 अशी सलग 13 विजेतेपदं मिळवली.

त्यांचा खेळ बघताना जाणवतं ते असं: यातल्या कुणालाही आपली ठरलेली जागा अशी नव्हती. फेतिसोव पुढे गेला की लारियोनोव न सांगता मागे येणार. माकारोव उजवीकडून निघाला की क्रुतोव मधे सरकणार. पास द्यायच्या आधीच घेणारा तिथे पोचलेला असायचा. भजनी मंडळात वर्षानुवर्षं एकत्र बसलेल्या लोकांना खूण करावी लागत नाही, तसं काहीसं.

ही समज मात्र फुकट आली नव्हती.

म्हणजे? तिखोनोव आणि शिबिराविषयी जे ऐकतो ते खरं आहे का?

प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव 1977 पासून त्सेस्का आणि राष्ट्रीय संघ दोन्ही सांभाळत होते. खेळाडू कागदोपत्री लष्करातले अधिकारी. फेतिसोव मेजर पदापर्यंत पोचला होता. त्यामुळे प्रशिक्षकाचा शब्द हा वरिष्ठांचा हुकूम. वर्षातले दहा-अकरा महिने खेळाडू शिबिरात राहायचे. लग्न झालेले, मुलं असलेले पुरुषसुद्धा. घर त्याच शहरात, पण घरी जायला परवानगी लागायची.

तिखोनोव जिंकत होते, हे कुणी नाकारू शकत नाही. शिस्तीशिवाय ती जुळवणी आली नसती, असं म्हणणारेही आहेत. मला हे पटत नाही. जुळवणीचं मूळ तारासोव यांच्या विचारात आणि या पाच जणांच्या मैत्रीत होतं. तिखोनोव यांनी ते राबवलं, आणि राबवताना माणसांना इतकं पिळलं की त्यातले बहुतेक पुढे त्यांच्याशी बोलेनासे झाले.

1985 साली फेतिसोववर मोठा आघात झाला. त्याचा धाकटा भाऊ अनातोली, स्वतः उगवता हॉकीपटू, कार अपघातात गेला. त्या दुःखातून सावरून 1986 मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला, पुन्हा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

तो अमेरिकेला पळून का गेला नाही? इतर गेले होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

1988 च्या ऑलिंपिकनंतर फेतिसोवला न्यू जर्सीला जायचं होतं. गोर्बाचोव यांच्या काळात दारं किलकिली होत होती आणि ‘जाऊ देऊ’ असं आश्वासनही मिळालं होतं. मग ते लांबत गेलं. डेव्हिल्सचे व्यवस्थापक लू लॅमोरिएलो स्वतः मॉस्कोला आले. पळून येण्याचा मार्गही पुढे होता. फेतिसोवने नकार दिला. मी गुन्हेगार नाही, मग चोरासारखा का जाऊ, अशी त्याची भूमिका होती. तो पळाला असता तर एक खेळाडू सुटला असता. मागच्यांसाठी दार आणखी घट्ट बंद झालं असतं, आणि आईवडिलांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागला असता तो वेगळाच.

दुसरी अडचण पैशाची. सरकारी संस्थेमार्फत करार करायचा, पगाराचा मोठा हिस्सा सरकारने ठेवायचा आणि खेळाडूला थोडेसे द्यायचे, अशी योजना होती. फेतिसोव म्हणाला, करार माझ्याशी होईल आणि पैसे माझ्या हातात येतील. आज हे वाक्य साधं वाटतं. 1988 च्या मॉस्कोत, लष्करी गणवेशातल्या माणसाने ते म्हणणं साधं नव्हतं.

ऑक्टोबर 1988 मध्ये लारियोनोवने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोव यांच्यावर उघड पत्र लिहिलं. 1989 च्या सुरुवातीला फेतिसोवनेही वृत्तपत्रातून सांगितलं की मला या प्रशिक्षकाच्या संघात खेळायचं नाही. मग व्हायचं ते झालं. त्याला संघातून बाहेर काढलं, सरावाची दारं बंद झाली, ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले. संरक्षणमंत्री दिमित्री याझोव यांच्यासमोर त्याला उभं केलं गेलं. त्यांनी केलेली दमदाटी फेतिसोवने पुढे अनेक मुलाखतींत सांगितली आहे.

त्याला वाचवलं सोबत्यांनी. लारियोनोव, माकारोव, क्रुतोव आणि इतर काही जणांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलं की फेतिसोवला घेतल्याशिवाय आम्ही जागतिक स्पर्धेला जाणार नाही. त्याला परत घ्यावं लागलं. एप्रिल-मे 1989 मध्ये स्टॉकहोमला तो कर्णधार म्हणून खेळला, संघ जिंकला आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान पुन्हा त्यालाच. त्याच स्पर्धेनंतर तरुण अलेक्सांद्र मोगिल्नी स्टॉकहोममधूनच अमेरिकेला निसटला. फेतिसोव घरी परतला आणि त्या उन्हाळ्यात रीतसर, स्वतःच्या नावाच्या करारावर, सगळ्यांसमोर विमानात बसला.

एक नाव त्या सोबत्यांच्या यादीत नव्हतं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून दहा वर्षं बचाव केला तो कासातोनोव. तो तिखोनोव यांच्या बाजूने राहिला.

एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये) गेलेला तो पहिलाच सोव्हिएत खेळाडू होता का?

नाही. परवानगीने गेलेला पहिला सर्गेई प्रियाखिन. तो मार्च 1989 मध्ये कॅल्गरीकडून खेळला. पण तो राष्ट्रीय संघाचा आधारस्तंभ नव्हता. राष्ट्रीय संघातल्या पहिल्या फळीचे खेळाडू 1989 च्या शरद ऋतूत गेले, आणि ते दार ज्याने उघडून घेतलं त्यात फेतिसोवचा वाटा सर्वांत मोठा. माकारोव कॅल्गरीला, लारियोनोव आणि क्रुतोव व्हँकुव्हरला.

न्यू जर्सीत तो अपयशी ठरला असं वाचलं. खरं काय?

अपयशी हा शब्द चुकीचा आहे, पण तिथे त्याला झगडावं लागलं हे खरं. पहिल्या मोसमात 72 सामन्यांत 8 गोल, 34 साहाय्य, एकूण 42 गुण. नवख्या बचावपटूसाठी हे उत्तम आकडे आहेत. लोकांची अपेक्षा मात्र जगातल्या सर्वोत्तम बचावपटूची होती.

कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं, मैदान. युरोपातलं बर्फाचं मैदान तेव्हा 30 मीटर रुंद, उत्तर अमेरिकेतलं साधारण 26 मीटर. चार मीटरांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मान वर करून विचार करायला जो अर्धा सेकंद मिळायचा तो या चार मीटरांत जातो. तेवढ्यात कुणीतरी येऊन अंगावर आदळतो. दुसरं, खेळाची पद्धत. तेव्हा तिकडे पक समोरच्या कोपऱ्यात मारायचा आणि पाठोपाठ धावून तो हिसकावायचा, असा खेळ चाले. फेतिसोवने मागे वळून पास द्यावा आणि तिथे कुणीच नसावं, असं वारंवार व्हायचं. त्याचे चार जण आता निरनिराळ्या शहरांत होते. तिसरं, वय 31, आणि शिबिरांनी झिजलेलं शरीर. शिवाय प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम लक्ष्य करत. काही कॅनेडियन लोकांना रशियन माणूस आपल्या लीगमध्ये येणंच पसंत नव्हतं.

पहिल्या मोसमाच्या मध्यावर डेव्हिल्सने आणखी एक रशियन बचावपटू आणला, जेणेकरून फेतिसोवला आधार वाटावा. तो कासातोनोव होता. दोघे एकाच खोलीत कपडे बदलायचे, एकत्र खेळायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. बऱ्याच वर्षांनी दोघांत समेट झाला.

मग डेट्रॉइटला काय बदललं?

एप्रिल 1995 मध्ये डेव्हिल्सने त्याला डेट्रॉइट रेड विंग्जला देऊन टाकलं, बदल्यात फक्त तिसऱ्या फेरीतल्या निवडीचा हक्क घेतला. वय 36. बहुतेकांनी त्याला संपलेला धरलं होतं. दोनच महिन्यांनी स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत डेट्रॉइटसमोर कोण आलं? न्यू जर्सी. आणि न्यू जर्सीने 4-0 अशी मालिका जिंकली. सोडून आलेल्या संघाने कप उचलताना त्याला समोर उभं राहून पाहावं लागलं.

डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन हे वेगळं रसायन होतं. त्यांच्याकडे सर्गेई फेदोरोव, व्याचेस्लाव कोझलोव आणि व्लादिमिर कॉन्स्टांतिनोव आधीच होते. फेतिसोव आला, ऑक्टोबर 1995 मध्ये लारियोनोवला आणलं, आणि 27 ऑक्टोबरला कॅल्गरीत बोमन यांनी पाचही रशियनांना एकत्र उतरवलं. सामना डेट्रॉइटने 3-0 जिंकला. दारातून बाहेर गेलेली भाषा पुन्हा कानावर आली असं फेतिसोवला वाटलं असणार. मागे वळून दिलेला पास आता रिकाम्या जागी जात नव्हता.

त्या मोसमात डेट्रॉइटने 62 सामने जिंकले, तो तेव्हाचा विक्रम. फेतिसोवचे आकडे पाहा: 69 सामने, 7 गोल, 35 साहाय्य, 42 गुण. वयाच्या 31 व्या वर्षी 42 आणि 37 व्या वर्षीही 42. तो संपला नव्हता, त्याला त्याचा खेळ समजणारी माणसं मिळायची होती.

स्टॅनली कप आणि तो अपघात?

7 जून 1997. डेट्रॉइटने फिलाडेल्फियाविरुद्धची मालिका 4-0 जिंकून 42 वर्षांनी कप मिळवला. फेतिसोव आणि लारियोनोव यांनी कप दोघांत धरून बर्फावर फेरी मारली. माझ्या दृष्टीने आइस हॉकीतलं हे सर्वांत सुंदर दृश्य आहे, कारण त्या कपाच्या एका बाजूला ‘ओगोन्योक’मधलं पत्र होतं आणि दुसऱ्या बाजूला मॉस्कोतली ती रिकामी, एकट्याने सराव करण्याची सकाळ.

सहा दिवसांनी, 13 जूनला, खेळाडूंच्या मेजवानीवरून परतताना फेतिसोव, कॉन्स्टांतिनोव आणि संघाचे मालिशतज्ज्ञ सर्गेई म्नात्साकानोव ज्या भाड्याच्या लिमोझिनमध्ये होते ती रस्ता सोडून झाडावर आदळली. फेतिसोव जखमांतून बरा झाला. कॉन्स्टांतिनोव, तेव्हाच्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, मेंदूला झालेल्या इजेमुळे पुन्हा कधी खेळला नाही. म्नात्साकानोव यांनाही कायमचं अपंगत्व आलं.

त्याच ऑगस्टमध्ये फेतिसोव, लारियोनोव आणि कोझलोव कप घेऊन मॉस्कोला गेले. स्टॅनली कप रशियात पहिल्यांदाच आला होता. पुढच्या मोसमात डेट्रॉइटचा संघ जर्सीवर ‘विश्वास ठेवा’ अशा अर्थाचे शब्द दोन भाषांत लावून खेळला, आणि 16 जून 1998 ला वॉशिंग्टनमध्ये पुन्हा जिंकला. कॉन्स्टांतिनोवला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. खुर्चीभोवती सगळा संघ होता. फेतिसोव तेव्हा 40 वर्षांचा होता, आणि तो त्याचा डेट्रॉइटकडून शेवटचा सामना ठरला.

एनएचएलची बेरीज: 546 सामने, 36 गोल, 192 साहाय्य. त्यावरून त्याला मापू नका. त्याची सर्वोत्तम वर्षं लीगच्या हिशोबात धरलेलीच नाहीत.

निवृत्तीनंतर?

न्यू जर्सीत सहायक प्रशिक्षक झाला आणि 2000 साली त्या भूमिकेत पुन्हा स्टॅनली कप मिळवला. 2001 मध्ये टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये नाव. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये रशियाचा मुख्य प्रशिक्षक, कांस्यपदक. मग रशियाच्या क्रीडा खात्याचा प्रमुख, वरिष्ठ सभागृहाचा सदस्य, आणि 2016 पासून सत्ताधारी पक्षाकडून ड्यूमा या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य. 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर अमेरिकेने ड्यूमाच्या शेकडो सदस्यांवर निर्बंध घातले, त्यांत तोही आला.

वाचक विचारतात, व्यवस्थेशी भांडलेला माणूस व्यवस्थेत कसा बसला? मला त्याचं हे वळण खुपतं. बर्फावरचा आणि 1989 चा फेतिसोव मला जितका प्रिय आहे, तितकंच हेही लपवू नये असं वाटतं.

51 व्या वर्षी तो पुन्हा खेळला हे खरं का?

अगदी खरं. डिसेंबर 2009 मध्ये तो त्सेस्काचा अध्यक्ष होता. दुखापतींमुळे बचावपटू कमी पडले, तेव्हा स्वतःच जर्सी चढवून सेंट पीटर्सबर्गच्या स्का संघाविरुद्ध एका सामन्यात उतरला.

त्याचा खेळ पाहायचा तर कुठून सुरुवात करू?

1987 च्या कॅनडा कपच्या अंतिम फेरीपासून. तीन सामने, तिन्हींचा निकाल 6-5. पहिला सोव्हिएत संघाने जिंकला, उरलेले दोन कॅनडाने, आणि शेवटचा गोल मारियो लेम्यूने दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरला असताना केला. सोव्हिएत संघ हरलेली मालिका मुद्दाम सांगतोय, कारण दोन्ही पद्धती इतक्या तोडीस तोड पुन्हा दिसल्या नाहीत. नंतर 1997 ची डेट्रॉइटची अंतिम फेरी पाहा. सुरुवातीला पकमागे नजर धावते आणि काहीच कळत नाही, माझंही तसंच झालं होतं. म्हणून एक भाग पूर्ण होईपर्यंत पक सोडून द्या आणि 2 क्रमांकाची जर्सी तेवढी पाहा: गोलमागे तो पक घेतो, मान वर करतो, आणि पास देण्याआधी क्षणभर थांबतो.